साडूभाऊंचं दावं

जगात जेवढी म्हणून यंत्रं आहेत त्या सगळ्यांना मुळात शिंगं होती आणि कारखानदारांनी ती विकायला काढण्याआधी कापून टाकली, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला, एका टेपाडावर त्यांचं घर आहे. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, ते मला ‘पाहुणं’ म्हणतात. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी तिथे मी पाहुणाच. आणि या भल्या माणसाला मी एकदा, माझ्या याच दोन हातांनी, जवळजवळ मारलं होतं. मनात तसं काही नव्हतं. एका शब्दाचा घोटाळा झाला. पण तो घोटाळा कळायचा तर आधी साडूभाऊंची भाषा कळायला हवी.

त्यांच्या गोठ्यातली शेवटची बैलजोडी गेली त्याला बरीच वर्षं झाली. बैलांच्या जागी एक जुनी जीप आली, पण साडूभाऊंनी तिच्यासाठी नवे शब्द काही आणले नाहीत. बैलांचे घरात होतेच, तेच जीपला घातले. जीपमध्ये ते डिझेल भरत नाहीत, तिला ‘पाजतात’. ती पंक्चर होत नाही, ‘लंगडते’. स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं की ती ‘वढाळ’ झालेली असते, आणि गिअर आपोआप निसटायला लागला की ती ‘जू टाकते’. मुरबाडचा मेकॅनिक सुरुवातीला घाबरून ‘काका, गुरांचा डॉक्टर पलीकडच्या गल्लीत’ असं सांगायचा म्हणे. आता तो इतका सरावलाय की ‘जू टाकते’ म्हटलं की मुकाट्यानं गिअरबॉक्स खोलतो. घरातला मोबाईल चार्जरला लावलेला नसतो, ‘वैरणीवर बांधलेला’ असतो. पोळ्याला जीपच्या बॉनेटवर गेरूचे ठसे उठतात, दोन्ही आरशांना गोंडे लागतात आणि रेडिएटरच्या जाळीसमोर पुरणपोळी धरली जाते. ती नंतर साडूभाऊ स्वतः खातात, पण धरताना त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही माया असते की आपण दुसरीकडे बघावं.

एकदा ते आमच्याकडे वाशिंदला आले होते. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. आत शिरण्याआधी साडूभाऊंनी लिफ्टच्या दारावर दोन थापा मारल्या, अनोळखी जनावराला मारतात तशा. मी शेजाऱ्यांसमोर ओशाळलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये वीज गेली. आत आम्ही पाचजण, मिट्ट काळोख, एका बाईंनी रडायला सुरुवात केली, आणि मी, जो रोज त्या लिफ्टनं जातो, भिंतीवर बुक्क्या मारायला लागलो. साडूभाऊंनी अंधारात माझा हात धरला. “पाहुणं, तिला मारू नका. भ्याली हाय ती.” मग लिफ्टच्या पत्र्यावरून हात फिरवत ते हलक्या आवाजात म्हणत राहिले, “हो… हो… काय नाय… उभी ऱ्हा.” वीज आली ती वीज मंडळाच्या मर्जीनं, हे मला माहीत आहे. पण रडणाऱ्या बाई त्याआधीच गप्प झाल्या होत्या आणि माझ्या छातीतली धडधडही. त्या बाई अजून विचारतात, ‘तुमचे ते लिफ्टवाले काका कधी येणार?’

तर या भाषेत हँडब्रेकला शब्द होता ‘दावं’, म्हणजे गुरं बांधायचा दोर. गाडी उभी केली की जनावर खुंट्याला बांधल्यासारखा तो लिव्हर वर ओढायचा, निघताना सोडायचा. सरळ गोष्ट.

आता माझा पहिला गुन्हा. पंचेचाळिसाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकलो. गाडी माझ्याकडे नाही, पण शिकलो. शिकवणाऱ्यानं एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती, की गाडीतून उतरताना हँडब्रेक ओढल्याशिवाय उतरायचं नाही. त्या वर्षी गणपतीत आम्ही साडूभाऊंकडे गेलो, आणि मी ऐटीत जीप अंगणातल्या उतारावर लावून दाखवली. उतरताना लिव्हर असा काही खेचला की करकर करत तो शेवटच्या दात्यावर गेला. साडूभाऊ स्वतः पावसाळ्यात दावं कधी लावत नसत, चाकांना दगड लावत. ओल्या दिवसांत केबल गंजून आवळून बसते, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, गाडीला हात लावायची बंदी आली, आणि जीप माझ्या हातचं दावं गळ्यात घेऊन महिनाभर पावसात भिजत उभी राहिली.

भातकापणीला मदत म्हणून मी चार दिवसांची रजा काढून किन्हवलीमार्गे एसटीनं तिथे पोचलो. मदत म्हणजे मी बांधावर बसून चहा पितो आणि लोकांना वेळ सांगतो. कापलेलं भात दोन दिवस खालच्या शेतात वाळत पडलं होतं. त्या दिवशी दुपारी ते भरून वर खळ्यावर आणायचं, असं ठरलं होतं. माणसं शेतावर भारे बांधत होती. आणि सकाळी दहाच्या सुमाराला सिद्धगडाच्या मागून ढग वर आले. काळेभोर, पोट खाली लोंबलेले. कापलेलं भात भिजलं की दाणा काळा पडतो, दोन दिवसांत पेंढीतच कोंब फुटतात. वर्षभराचं खायचं तेवढंच होतं ते. गावातल्या सगळ्या गाड्या, ट्रॅक्टर स्वतःच्या भातामागे धावत होते. साडूभाऊंनी जीप सुरू केली, गिअर टाकला, आणि जीप जागची हलली नाही. मागची दोन्ही चाकं धरलेली. लिव्हर खाली केला तर तो ढिला पडला, पण चाकं तशीच. केबल आतल्या आत गंजून अडकली होती.

“दावं कोनी आवळलंय एवढं?” साडूभाऊंनी विचारलं.

मी ढगांकडे बघत होतो.

मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला उद्या येतो. साडूभाऊंनी एकदा आभाळाकडे आणि एकदा जीपकडे पाहिलं. “उद्या म्हंजे भात नाय, भाताची रोपं. केबल काढूनच टाकू.”

ही केबल काढणं एरवी काही फार मोठं काम नाही. लिव्हरपासून एक तार गाडीच्या पोटाखाली येते, तिथे तिला एक जोडपट्टी असते, आणि तिथून दोन तारा मागच्या दोन चाकांना जातात. जोडपट्टीचे नट सोडवायचे आणि तारा मोकळ्या करायच्या. पण हे सपाटीवर. आमची जीप उभी होती उतारावर, तोंड खाली करून, आणि चाकं धरलेली असल्यामुळे तिला सपाटीवर नेता येत नव्हतं. म्हणजे जी केबल काढायची तिनंच जीप धरून ठेवलेली, आणि ती निघाली की जीप मोकळी. साडूभाऊंनी पुढच्या चाकांना दोन मोठे दगड लावले. शिवाय गोठ्यात बैलांची जुनी दावी अजून टांगलेली होती. त्यांनी ती एकात एक पिळून जाड दोर केला, एक टोक जीपच्या मागच्या हुकाला आणि दुसरं वरच्या फणसाला बांधलं. मग पोतं अंथरलं, चौदा-पंधराचा पाना आणि पक्कड घेतली आणि उजव्या बाजूनं जीपच्या पोटाखाली सरपटत शिरले. बाहेर राहिले ते लेंग्यातले दोन बारीक पाय, उजव्या मागच्या चाकाच्या अगदी पुढे.

मी ड्रायव्हरच्या सीटवर. खालून हुकूम येत होते. “वडा!” मी लिव्हर ओढायचो. “सोडा!” मी सोडायचो. “वडा! … हां, डावी हलतच नाय. उजवी जराशी ऐकतेय.” मध्येच ते जीपशी बोलायचे, “दुखतंय काय? झालंच हां बाय.” अर्ध्या तासानं उजव्या बाजूचा नट सुटला आणि उजवं चाक मोकळं झालं. जीपनं एक हलका झोल घेतला. वर फणसाशी दोर करकरला.

“पाहुणं,” खालून आवाज आला, “दावं तसंच वर ऱ्हाऊ दे. उतरा आन् झाडाजवळची गाठ बघा जरा.”

मी उतरलो. वर गेलो. गाठ ताणून लाकडासारखी कडक झाली होती. मी तिच्यावर हात ठेवला. ढग आता डोक्यावर आले होते, अंगणात संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. शेतावरून कुणीतरी हाका मारत होतं. आणि तेवढ्यात खालून, घाईघाईत, साडूभाऊ ओरडले:

“दावं सोडा!”

इतकी वर्षं मी ती भाषा ऐकत आलो होतो. बायको म्हणते, मी ऐकतो पण माझं लक्ष नसतं. त्या क्षणी माझ्या हाताखाली साक्षात दावं होतं, बैलांचं, खरंखुरं, पिळलेलं. मी सोडलं.

म्हणजे गाठीचं टोक जोर लावून ओढलं, आणि दोर सापासारखा सळसळत माझ्या पायांवरून खाली गेला. फणसाच्या सावलीतली ती जमीन पावसाळ्यापासून वाळलीच नव्हती. पुढच्या चाकाखालचा डावा दगड चिखलात सरकला, उजवा कलंडला. जीप हलली. फार नाही, हातभर. पण मी वरून पाहत होतो, आणि मला दिसत होतं ते उजवं मागचं चाक आणि त्याच्या पुढचे दोन पाय. चाक त्या पायांवर आलं. आणि थांबलं.



मग खालून, अगदी हलक्या, लिफ्टमधल्या त्या आवाजात: “हो… हो… उभी ऱ्हा माझी बाय. उभी ऱ्हा.” मग मला: “पाहुणं, काय सोडलंत?”

“दावं.”

“कंचं?”

“झाडाचं.”

“बरं,” साडूभाऊ म्हणाले. “आता ते परत बांधा. घाई नको. पळू नका, जमीन हादरते.”

“पाय… तुमचे पाय…”

“पाय हायत. चाक लेंग्यावर हाय. पायावर नाय अजून.”

ते ‘अजून’ मला आजही ऐकू येतं. मी दोराचं टोक उचललं आणि फणसाभोवती घातलं. पण साधी गाठ पडेना. मी जे काही बांधत होतो ते बहुधा बुटाच्या लेसचं फूल होतं. खालून, न बघता, ते सांगत होते, “सरगाठ नको, ओढली की सुटेल ती. दोन वेढे घ्या. आता टोक खालनं काढा. आता निरगाठ.” आडव्या पडलेल्या, अंगावर जीप घेतलेल्या माणसाकडून मी पंचेचाळिशीत गाठ मारायला शिकत होतो.

एवढ्यात ताई, म्हणजे माझी मेहुणी, चहाची किटली घेऊन घरातून आली. सरकलेली जीप, बाहेर आलेले पाय आणि झाडाला मिठी मारून उभा असलेला मी, हे बघून तिनं किटली जमिनीवर ठेवली. टाकली नाही, ठेवली. “आवो,” ती म्हणाली, “तुमी जित्तं हाव का?”

“बोलतंय ना मी? जित्ताच हाय. गाडीत बस गो, पाय दाब.”

ताई जन्मात कधी ड्रायव्हरच्या सीटवर बसली नव्हती. पदर खोचून ती वर चढली. “कंचा पाय दाबू?”

“तुझा नाय, गाडीचा! तीन हायत. मधला.”

“मधला म्हंजे डावीकडनं कितवा?”

“दुसरा!”

“आन् उजवीकडनं?”

“उजवीकडनंबी दुसराच, मधला हाय तो!”

ताईनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि दोन्ही पायांनी त्या ब्रेकवर उभीच राहिली. डोळे मिटून. तोपर्यंत माझी निरगाठ पडली होती. ती मी तीनदा ओढून पाहिली, मग आणखी एक मारली, मग आणखी एक.

“आता मी भायेर येतो,” साडूभाऊ म्हणाले. “लेंगा चाकाखाली हाय, नाडी सोडायला लागंल. ती माझी मी सोडतो. पाहुणं, तुमी कशाला हात लावू नका.”

ते बाहेर आले ते पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत, तोंडावर काळं तेल, हातात पाना घट्ट. उभं राहून त्यांनी आधी जीपच्या पाठीवर थाप मारली. मग डाव्या चाकाकडे बोट केलं. उजवं मोकळं झालं होतं, पण डावी केबल गंजून बसलेली आणि लिव्हर वर ओढलेला, म्हणून डाव्या चाकानं एकट्यानं जीप धरली होती. मी परत सीटवर आलोय असं समजून त्यांनी मला सोडायला सांगितला होता तो लिव्हर. तो मी सोडला असता आणि डावी केबल त्याच वेळी सुटली असती, आणि झाडाचा दोरही मी सोडलेला असता… अंगणाच्या कडेला जाऊन मी सकाळचे पोहे परत केले.

आणि मग, खरं वाटणार नाही, ते पुन्हा खाली शिरले. डावी बाजू राहिली होती ना. ताई ब्रेकवरून हटायला तयार नव्हती, हटलीही नाही. मी तिच्याशेजारी, हात लिव्हरवर. प्रत्येक हुकूम मी मोठ्यानं परत म्हणायचो, “लिव्हर सोडू? गाडीचा? माझ्यासमोरचा?” आणि खालून यायचं, “हां, तोच.” डावी केबल शेवटी त्यांनी छिन्नीनं तोडली. जीप मोकळी झाली. ताईला सीटवरून उतरवायला आम्हा दोघांना लागावं लागलं, तिचे गुडघे तिथेच आखडले होते. शेवटचा भारा खळ्यावर पडला तेव्हा पहिले थेंब आले. अर्ध्या तासानं आभाळ फुटल्यासारखा पाऊस पडला. भात कोरडं होतं.

त्या रात्री नातेवाईक जमले, झालेली गोष्ट सांगायची वेळ आली. मी मान खाली घालून बसलो होतो. साडूभाऊ भाकरी मोडत म्हणाले, “चूक माझी. जीभ घसरली माझी. लिव्हर सोडा म्हनायच्या जागी झाडाचं सोडा म्हटलं मी. पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी ऐकलं.” ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला आणखी एक भाकरी वाढली. माझ्या बायकोला अजूनही तेच खरं वाटतं. हे वाचल्यावर वाटणार नाही.

पण एक झालं. त्या दिवसानंतर साडूभाऊंनी ‘दावं’ हा शब्द गाडीसाठी वापरणं सोडून दिलं. ‘हँडब्रेक’ म्हणतात, नीट, एकेक अक्षर. मग हळूहळू जीप लंगडायचीही थांबली, आता पंक्चर होते. मेकॅनिकला ते आता गिअर निसटतोय असं सांगतात, आणि तो म्हणे चुकल्या-चुकल्यासारखा बघत राहतो. मी एकदा म्हटलं, “साडूभाऊ, तुम्ही हल्ली आमच्यासारखंच बोलायला लागलात.” तर म्हणाले, “सगळ्यांना कळाया पायजे ना, पाहुणं.” त्यांच्या घरातून बैल गेले तेव्हा मी तिथे नव्हतो. पण दुसऱ्यांदा गेले ते माझ्यामुळे.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. नवी बसवलेली केबलही आता जुनी झाली, काढायची आहे, या. जीप सपाटीवर उभी होती, चाकांना चार दगड. साडूभाऊंचे गुडघे आता वाकत नाहीत. पाना माझ्या हातात देऊन ते काठी टेकत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. पोतं अंथरून खाली शिरलो तो मी. खालून गाडी फार मोठी दिसते. आयुष्यभर ते तिथे पडून वर बसलेल्या माझ्यासारख्यांवर विसंबत आले, हे मला पाठीला जमीन लागल्यावर कळलं.

नट घट्ट होता. वीसेक मिनिटं गेली असतील. वरून एक शब्द नाही. ना मला, ना गाडीला. मला उगाच भीती वाटली, डुलकी तर नाही लागली? मी हाक मारली, “साडूभाऊ?”

“हाय. पाय ब्रेकवर हाय.”

ब्रेकच्या पेडलची दांडी खालून दिसते. मी मान वळवून पाहिलं. ती बारीक थरथरत होती. सपाटीवर, चार दगड लावलेल्या गाडीत, तो म्हातारा माणूस अंगातला सगळा जोर लावून ब्रेक दाबून बसला होता.

“दुखला असेल पाय. सोडा जरा,” मी म्हटलं.

“तुमी आधी भायेर या.”

नट सुटला, केबल निघाली, मी बाहेर आलो, समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग पाय उचलायला गेले, तर उचलेना. आखडला होता. मी वाकून, काळ्या झालेल्या हातांनी, तो पाय पेडलवरून उचलला आणि हळूच खाली ठेवला. मला वाटलं होतं जड असेल.